पलीकडच्या काठाची वेळ

२७ ऑक्टोबर, सोमवार

आजचा प्रसंग राग चढण्यापूर्वी, जसा घडला तसा लिहून ठेवतो.

नदीपलीकडच्या कोर्टात सकाळी साडेदहाला आमचा पुकारा होता. विषय एकच : आमची नऊ वर्षांची नात टिकली आमच्याजवळ राहणार की तिच्या बापाजवळ. तिची आई, म्हणजे आमची मुलगी, जाऊन दोन वर्षे झाली. तेव्हापासून पोर आमच्या घरी आहे. जावई पलीकडे राहतो, लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो आणि दर रविवारी चारला तिला भेटून जातो. त्याला आता दिवसपाळी मिळाली आहे, म्हणून मुलगी हवी आहे. आमच्या बाजूने वकीलबाई आहेत. त्याने वकील केलेला नाही. स्वतःच बोलणार म्हणतो.

आम्ही साडेनऊला निघालो. पुलावरून दर वीस मिनिटांनी बस आहे आणि रस्ता पाऊण तासाचा. सव्वादहाला कोर्टाच्या पायऱ्या चढताना मी हिला म्हणालोसुद्धा, "पंधरा मिनिटं हाताशी आहेत, निवांत पाणी पी." आतल्या भिंतीवरचे घड्याळ सव्वाअकरा दाखवत होते. ते बिघडले असावे, असे माझे पहिले अनुमान.

पुकारा होऊन गेला होता. दाराशी उभा असलेला शिपाई म्हणाला, "आजोबा, दोनदा पुकारलं. दुसऱ्यांदा तर तुमच्या जावयानंच न्यायाधीशबाईंच्या हातापाया पडून पुकारायला लावलं." न्यायाधीशबाईंनी पुढची तारीख दिली आहे : ३० मार्च, सोमवार, साडेदहा. त्या दिवशी पुकाऱ्याला जो पक्ष स्वतः हजर नसेल, त्याच्याविरुद्ध एकतर्फी निकाल होईल.

जावई व्हरांड्यात उभा होता. "सर, मी सारखा फोन लावत होतो."

लग्नाआधी तो मला 'सर' म्हणत असे. लग्नानंतरही म्हणतो, मी कधी दुरुस्त केले नाही. फोन बंद होता, कारण कोर्टाच्या नोटिशीत फोन बंद ठेवावा असे लिहिले आहे, आणि मी ते घरातून निघतानाच पाळतो. सुरू केल्यावर त्याचे सात फोन दिसले. सात फोन हा दडपण आणण्याचाही प्रकार असू शकतो. वकीलबाईंच्या कानावर घालीन.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

ही सकाळी भांडी आवरता आवरता म्हणाली, "एकतीस वर्षं पोरांना तर्कशास्त्र शिकवलंत, आणि एक तास सापडेना!"

चूक कोठे झाली, ते पाहतो. पलीकडचे घड्याळ आपल्यापुढे एक तास असते, अशी माझी जुनी समजूत होती. गेल्या शनिवारी वकीलबाईंना भेटायला पलीकडे गेलो, तेव्हा दोन्हीकडचे काटे अगदी सारखे दिसले. म्हणून जुनी समजूत भ्रामक ठरवून मी टाकून दिली. रविवारी आपल्या बाजूची घड्याळे तासभर मागे झाली. मीही केली. पलीकडच्यांनीही केली असणार, असे गृहीत धरले.

दुपारी पुलावरच्या बसच्या कंडक्टरला विचारले. तो हसला. "आजोबा, आमचं वेळापत्रकच वर्षातून दोनदा बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तुमचं घड्याळ तासभर पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. पलीकडे हा खटाटोपच नाही. म्हणजे उन्हाळ्यात दोन्ही काठ एका वेळेचे, हिवाळ्यात ते तासानं पुढे. तुम्ही हलता, ते जागचे हलत नाहीत. एवढं ध्यानात ठेवलं की झालं."

थोडक्यात, शनिवारी जे पाहिले ते खरे होते. परंतु ते रविवारपर्यंतच खरे होते. एका दिवसाच्या दाखल्यावरून मी सर्वकाळाचा नियम काढला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे केले असते, तर मी त्याला उभे केले असते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वकीलबाईंनी मुद्दे लेखी मागितले आहेत. तीन काढले.

पहिला आणि मुख्य मुद्दा : जावयाला वेळेचे भान नाही. दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात, मुलीच्या शेवटच्या दिवशी, डॉक्टरांनी दुपारी मला बाजूला घेऊन सांगितले की जवळच्या माणसांना पाचपर्यंत बोलावून घ्या. जावई पलीकडे कामावर होता. मी स्वतः त्याला फोन केला. त्या अवस्थेत त्याला हिशेब करावा लागू नये, म्हणून आपल्या पाचचे पलीकडचे सहा करून सांगितले : "सहाच्या आत या." ती पाच वाजून वीस मिनिटांनी गेली. तो आला, तेव्हा सहाला पाच मिनिटे कमी होती. इतकी सोय करून दिल्यावरही जो माणूस तासभर उशिरा येतो, त्याच्या हाती पोर कशी सोपवायची?

दुसरा मुद्दा : लिफ्ट कोठेही, केव्हाही बंद पडते आणि त्याला जावे लागते. वेळेचे भान नसलेल्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच गंभीर. तिसरा मुद्दा : पोरीला आमची सवय झाली आहे.

हिला वाचून दाखवले. पहिला मुद्दा ऐकून ती म्हणाली, "तो त्या दिवशी दाराशी कसा उभा होता, ते आठवतं का तुम्हाला?" मी म्हणालो, तो कसा उभा होता हा येथे प्रश्न नाही, केव्हा उभा होता, हा आहे.

६ डिसेंबर, शनिवार

आजपासून फोन हा साक्षीदार म्हणून बाद. टिकलीने दाखवून दिले, "आजोबा, फोन नदीकडच्या खिडकीत ठेवला की तासानं मोठा होतो. टेबलावर आणला की परत लहान!" खिडकीत त्याला पलीकडच्या मनोऱ्याची लहर मिळते आणि तो आपणहून पलीकडची वेळ दाखवू लागतो. जे साधन जागा बदलताच साक्ष बदलते, त्यावर विसंबता येत नाही. स्वयंपाकघरातले भिंतीवरचे घड्याळ हेच या घरात प्रमाण. मी मनगटावरचे त्यावरूनच लावतो.

८ फेब्रुवारी, रविवार

३० मार्चला चूक होता कामा नये, म्हणून बारा महिन्यांचा तक्ता केला. टिकलीला रंगवायला दिला : ज्या महिन्यांत दोन्ही काठांची वेळ एक, ते पिवळे, ज्यांत पलीकडे तासाने पुढे, ते निळे. मार्च आणि ऑक्टोबर शेवटच्या रविवारी रंग बदलतात, म्हणून त्यांना दोन्ही रंग. तिने अगदी नेटके रंगवले. ओळीच्या बाहेर एक रेघ गेली नाही.

पिवळे रंगवताना म्हणाली, "सप्टेंबर पिवळा आला. आई गेली तो."

मी म्हणालो, "हो." मग तिला हात धुवायला पाठवले.

११ फेब्रुवारी, बुधवार

तक्ता पुन्हा तपासला. बसस्थानकावर जाऊन दोन वर्षांपूर्वीचे वेळापत्रक काढायला लावले. कारकून वैतागला, पण त्याने काढून दिले. तेव्हाही हाच नियम होता.

सप्टेंबर पिवळाच आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

जावई चारला आला. टिकली आत वही आणायला गेली, तेवढ्यात त्याला बाहेरच्या खोलीत विचारले.

"त्या दिवशी मी तुम्हाला किती वाजता यायला सांगितलं होतं?"

"आता ते कशाला, सर?"

"उत्तर द्या."

"सहाच्या आत."

"आणि तुम्ही पोचलात?"

"सहाला पाच कमी होती."

"म्हणजे सांगितल्या वेळेत."

त्याने मान हलवली. मी विचारले, "हे तुम्ही मला दोन वर्षांत एकदाही का सांगितलं नाहीत? मी चार लोकांत तुम्हाला उशिरा आलेला म्हणत होतो."

"काय सांगणार होतो, सर? तुमचीही मुलगीच होती ती."

टिकली वही घेऊन आली आणि गणिताविषयी बोलणे सुरू झाले. मी आत जाऊन बसलो. ही दोनदा येऊन पाहून गेली.

स्वतःशी स्पष्ट असावे, म्हणून लिहितो : अर्ज मागे घेतलेला नाही. एक हेतू खोटा ठरला, म्हणून साध्य खोटे ठरत नाही. दुसरा आणि तिसरा मुद्दा शिल्लक आहे.

१४ मार्च, शनिवार

वकीलबाईंकडे जाऊन पहिला मुद्दा खोडला. त्या म्हणाल्या, "सर, आपला सगळा भार त्याच्यावर होता. कारण तरी सांगा." मी सांगितले की वस्तुस्थितीची चूक आढळली. त्यांनी पेनाला टोपण घातले. मग म्हणाल्या, "आता एवढंच करा, त्या दिवशी वेळेवर या. बाकी नशिबावर."

नशीब हा मुद्दा होऊ शकत नाही. जावई गैरहजर राहिला तर मात्र प्रश्नच मिटेल, हे त्या बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. दोघांच्याही मनात होते.

२८ मार्च, शनिवार

उद्या घड्याळे पुढे. दुपारी जेवताना जाहीर केले : सकाळी सहाला उठून मी प्रमाण घड्याळ तासभर पुढे करीन. अन्य कोणी त्याला हात लावायचा नाही.

"आणि विसरलात तर?" हिने विचारले.

"मी विसरत नाही."

"ऑक्टोबरातही विसरला नव्हतात."

टिकली ताटात तोंड घालून हसली. मीही हसण्याचा प्रयत्न केला.

२९ मार्च, रविवार

सकाळी बरोबर सहाला उठून घड्याळ सातवर नेले. बाहेर मिट्ट अंधार. उन्हाळी वेळेचा परिणाम तो हाच, असे टिकलीला समजावले. ही उठल्यावर घड्याळासमोर बराच वेळ उभी होती. "काय झालं?" विचारले, तर "काही नाही" म्हणाली. दुपारी बाराला पाने घेतली, पण कोणालाच भूक नव्हती. उद्याची धास्ती.

महत्त्वाची नोंद : जावई आज पाचला आला. तासभर उशिरा. घड्याळे पुढे गेल्याचे त्याच्या गावीही नाही, हे उघड आहे. खोडलेल्या मुद्द्याच्या जागी आपोआप नवा मुद्दा मिळाला. वाईट वाटले, असे लिहिले तर ते खरे होणार नाही. छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले.

दारातच म्हणालो, "तुम्हाला उशीर झाला."

तो गोंधळला. मनगटाकडे पाहिले. "किती, सर?"

"ते तुमचं तुम्ही मोजा."

"सर, घड्याळात काही घोळ—"

"या घरात घड्याळाचं माझं मी पाहतो."

जाताना हिच्याशी फाटकापाशी काहीतरी हळू बोलला. तिने मान हलवली.

३० मार्च, सोमवार

क्रमाने लिहितो.

दुप्पट वेळ हाताशी ठेवून आम्ही नऊला घर सोडले. टिकली म्हणाली, "आजोबा, शाळेची मुलं अजून स्टॉपवर कशी नाहीत?" मी तिला चालायला सांगितले. फोन निघतानाच बंद केला होता. माझ्या मनगटावर पावणेदहा झाले, तेव्हा आम्ही कोर्टासमोर होतो. दाराला कुलूप होते. पहारेकरी स्टुलावर पेपर वाचत होता. "पावणेनऊच होतायत की. साडेनऊला उघडेल." काचेतून आतले घड्याळ दिसले : पावणेनऊ. या खेपेस मी त्या घड्याळावर संशय घेतला नाही.

हिच्याकडे पाहिले. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती.

"शनिवारी तिन्हीसांजेलाच मी पुढे केलं होतं," ती म्हणाली. "तुमचा भरवसा वाटेना. तुम्ही रविवारी परत पुढे केलंत."

"कधी कळलं तुला?"

"काल उठल्याउठल्याच."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणी हात लावायचा नाही म्हणाला होतात. कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, तासभर लवकर गेलो तर कुणाचं काय वाईट होणार आहे?"

म्हणजे काल तो चारलाच आला होता. हे मला तेथे, बंद दारासमोर कळले.

दहाला वकीलबाई आल्या आणि आम्हाला पाहून त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. सव्वादहा झाले, जावई नाही. दहा वाजून वीस झाले, नाही. हिने पिशवीतून आपला फोन काढला. आवाज बंद होता. पडद्यावर त्याचे पाच फोन आणि सव्वानऊचा निरोप होता : 'आई, तुमच्या दारात उभा आहे. काल घड्याळाचा घोळ वाटला, कोणत्या बाजूचा ते कळेना. म्हणून न्यायला आलो. आत असाल तर दार उघडा. दहापर्यंत थांबतो.'

ही बाहेर जाऊन फोन करून आली. "बसमध्ये आहे. पूल यायचाय अजून. रडकुंडीला आलाय हो."

साडेदहाला पुकारा झाला. आम्ही उभे राहिलो. शिपायाने जावयाचे नाव दोनदा पुकारले. वकीलबाईंनी माझी बाही धरली आणि अगदी हळू म्हणाल्या, "सर, विचारल्याशिवाय आपण बोलायचं नाही. आपण खोटं काहीच सांगत नाही आहोत."

ते बरोबर आहे. मौन हे विधान नसते. जे विधान नाही, ते असत्यही नसते. हे मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे.

न्यायाधीशबाई कागद उलटत म्हणाल्या, "वडील गैरहजर. मागच्या आदेशाप्रमाणे—"

"बाईसाहेब," मी म्हणालो. वकीलबाईंनी बाही सोडून दिली. "गैरहजर माणूस दहापर्यंत माझ्या दारात उभा होता."

"तुमच्या दारात? कशासाठी?"

"आम्हाला इथे यायला उशीर होऊ नये म्हणून. काल मी चुकीच्या घड्याळावरून त्यांना उशिरा आलात म्हणालो आणि बोलू दिलं नाही. त्यांच्या उशिराचं कारण मी आहे. वीस मिनिटं थांबावं, अशी विनंती आहे."

बाईंनी चष्मा काढला. "ते आले नाहीत, तर निकाल तुमच्या बाजूनं लागतोय. लक्षात येतंय ना?"

"येतंय."

"मग ही विनंती का करताय?"

याचे नीट उत्तर मला अजूनही मांडता आलेले नाही. मी एवढेच म्हणालो, "पुकारा त्यांच्यासाठीही दोनदा झाला होता, असं चालणार नाही. ऑक्टोबरात त्यांनी माझ्यासाठी थांबायला सांगितलं होतं." वाक्य धड जुळले नाही. कोणी दुरुस्त केले नाही.

तो दहा वाजून बावन्न मिनिटांनी धावत आला. घामाने भिजलेला, खांद्यावर हत्यारांची पिशवी तशीच. आधी त्याने टिकलीला शोधले, मग न्यायाधीशबाईंना नमस्कार केला.

बाई टिकलीशी आत एकट्याच बोलल्या. पंधरा मिनिटांनी बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारले, "तुमचा पहिला मुद्दा इथे खोडलेला दिसतोय."

"मागे घेतला."

"दुसरा? यांना केव्हाही कामावर जावं लागतं."

"तो पहिल्याच्या आधारावर उभा होता. पहिला गेल्यावर त्यात बळ नाही."

"आणि तिसरा? मुलीला तुमची सवय झाली आहे."

मी कागद पाहिला. अक्षर माझेच होते. "तो मी उलटा लिहिला आहे," मी म्हणालो. "आम्हाला तिची सवय झाली आहे. हा युक्तिवाद नव्हे, बाईसाहेब."

मुलगी १ एप्रिलपासून बापाकडे राहील. शाळा तीच. रविवारी आमच्याकडे.

३१ मार्च, मंगळवार

दिवसभर ही कपाट रिकामे करत होती. फ्रॉक, गणिताच्या वह्या, हिवाळ्यातला कोट. कोट आता आखूड होतो, तरी तिने तो सामानात घातला. टिकली मध्येच येऊन सांगून जायची, "आजी, हे इथेच राहू दे. रविवारी लागेल." असे करत अर्धे सामान इथेच राहिले.

संध्याकाळी जावई न्यायला आला. उंबऱ्याबाहेर घुटमळत उभा होता. मी म्हणालो, "आत या. चपला राहू द्या." तो आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. ही पाणी घेऊन आली. टिकलीच एकटी बोलत होती.

निघताना फाटकापाशी त्याने विचारले, "रविवारी किती वाजता आणू, सर?"

ही माझ्याकडे पाहू लागली. तोही मनगट पुढे करून थांबला होता.

"जमेल तेव्हा आणा," मी म्हणालो. "मी सकाळपासून घरीच असतो."